विहिरीवरची बाई

नाशिकरोड,
१७ एप्रिल १९७६

दादा, जयभीम.

आठ वर्षांनी तुला लिहितेय. घरचा पत्ता ठाऊक नाही, म्हणून इटारसीच्या रेल्वे ऑफिसचा घातलाय. फाडून टाकायचं असेल तर टाक, पण आधी शेवटपर्यंत वाच.

सिनेमापासून सुरुवात करते. तू हसशील. हस. एकदम मुद्द्यावर यायची हिंमत होत नाही.

जयंतीचे कार्यक्रम यंदा बरेच दिवस चालले. भाषणं झाली, भीमगीतं झाली, आणि काल संध्याकाळी कॉलनीच्या मैदानात पडद्यावर सिनेमा. मंडळाच्या पोरांनी मुंबईहून मशीन आणि रिळं भाड्यानं आणली होती. सिनेमा जुना, बावन्न सालचा, 'शेवंतीचा कौल'. आपण दोघांनी मॅटिनीला एवढं जुनंपानं पाहिलं, पण हा कसा कोण जाणे हुकला होता. पडद्याच्या पुढे पुरुष खुर्च्यांवर, मागच्या बाजूला आम्ही बायका सतरंज्यांवर. मागून बघायचं म्हणजे सगळं उलटं. पाट्या उलट्या, माणसं डावखुरी. लहानपणी तू मला मुद्दाम मागेच बसवायचास, आठवतं? गर्दी कमी म्हणून.

माझं मत विचारशील तर पहिला भाग वाया गेलाय. शेवंती ही पाटलाची पोर, ती देवीपुढे रडते, गोठ्यात रडते, जात्यावर बसून रडते. जुन्या सिनेमांवर माझा जीव आहे, पण त्यांतल्या नायिकांना कोणी तरी पाठीत धपाटा घालावा असं मला नेहमी वाटतं. खलनायक मात्र झकास. मिशा नाहीत, बंदूक नाही, साधा भजनी बुवा. टाळ वाजवता वाजवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पोरींकडे बघतो, आणि तेवढ्यानं अंगावर काटा येतो. आणि ऊन! काळ्यापांढऱ्या सिनेमात ऊन तापतं. रंगीत सिनेमात ते नुसतं पिवळं असतं. यशोदाबाईला, म्हणजे माझ्या शेजारणीला, मी हेच सांगत होते आणि ती म्हणत होती, "विमलताई, गप बसा ना जरा, ऐकू द्या."

मी तिला माझं जुनं गाऱ्हाणंही ऐकवलं. या सिनेमांतल्या गावाला पाटलाचा चौसोपी वाडा असतो, देऊळ असतं, पाणवठा असतो. आपली वस्ती नसते. कॅमेरा वेशीपर्यंत येतो आणि माघारी वळतो.

मध्यंतरानंतर शेवंती जीव द्यायला विहिरीवर येते. तिथे एक बाई पाणी शेंदत असते. शेवंती काठावर चढते. बाई हातातला दोर सोडत नाही, फक्त मान वळवते, आणि तिचा चेहरा पडदाभर होतो. म्हणते, "जीव द्यायचा तर दुसरी विहीर बघ. हे पाणी आम्हाला प्यायचंय."

सगळं मैदान हसलं.

दादा, ते तोंड माझं होतं. सारखं दिसणारं नाही म्हणत मी. वेणी घालताना आरशात जे दिसतं तेच. उलट्या बाजूनं बघत होते ना, म्हणून तर जास्तच. डाव्या भुवईचं टोक वर गेलेलं, खालचा ओठ थोडा पुढे. यशोदाबाईनं माझा दंड धरला. "अगं बाई! ही तर तुम्हीच की!" पुढच्या बायका वळल्या. एकीनं माझ्या तोंडावर बॅटरी मारली, पडद्याकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. कोणी हसेना.

तेवढ्यात पडद्यावर सावली पडली. पुढच्या बाजूला कोणी तरी उभं राहिलं होतं, मशीनच्या उजेडात. त्या बाईच्या तोंडावर एका माणसाचं डोकं आणि खांदे काळे उमटले. पोरं ओरडायला लागली, "ओ काका, खाली बसा!" "कोण आहे रे तो?" सावली हलेना. सीन संपला, शेवंती गावाकडे पळत सुटली, तरी ती तिथेच होती.

मी पडद्याला वळसा घालून पुढे आले. बाबा होते. त्यांच्या नोटांच्या प्रेसमधली मंडळी त्यांना हात धरून बसवत होती आणि ते बसत नव्हते. मला बघितलं आणि अनवाणीच निघाले. त्यांच्या चपला मी हातात घेऊन त्यांच्या घरी गेले.

भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी विचारलं, "बाबा, ती बाई कोण?"

"कोणती बाई?"

"विहिरीवरची."

"मला काय ठाव. मी शिनेमा बघत नाय." मग आपणहून म्हणाले, "तुझी आई पटकीनं गेली."

दादा, मी आईचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

आईचा एकही फोटो आपल्या घरात नाही. मी चार वर्षांची होते, मला तिचं काही म्हणजे काही आठवत नाही. धोंडाआत्यानं आपल्याला वाढवलं. ती असती तर तिला विचारलं असतं. तू आठ वर्षांचा होतास. तू आईला पाहिलंयस. आई खरंच मेली का? एवढंच लिही. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

तुझी,
विमल


नाशिकरोड,
२ मे १९७६

दादा,

तुझं कार्ड शाळेत आलं. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत उभ्या उभ्या वाचलं. चार ओळी लिहिल्यास तू. 'आई जिवंत आहे. कोल्हापूरला असते. सिनेमात काम केलं म्हणून बाबांनी तिला घराबाहेर काढलं. तुझ्या लग्नाला तिला आणायचं म्हणालो, ते नाही म्हणाले, म्हणून मी गेलो.' खाली तिचा पत्ता.

पुढचा तास मराठीचा होता. मी वर्गात गेले, फळ्यावर तारीख लिहिली आणि मग काय लिहायचं ते सुचेना. पोरं वाट बघत राहिली. शेवटी म्हटलं, वाचन करा मनातल्या मनात. खिडकीशी जाऊन उभी राहिले. लहानपणी शाळेत 'माझी आई' हा निबंध आला की मी एकच वाक्य लिहून पाटी उलटी ठेवायची, 'मला आई नाही.' मास्तर डोक्यावरून हात फिरवायचे. पंचवीस वर्षं लोक माझ्या डोक्यावरून हात फिरवताहेत, दादा, आणि ती कोल्हापुरात जेवतेय, झोपतेय, बाजारात जातेय.

योगायोगाच्या सिनेमांना मी किती नावं ठेवते तुला ठाऊक आहे. जत्रेत हरवलेला भाऊ, गळ्यातला ताईत, शेवटच्या रिळात आई सापडते. असं काही पडद्यावर आलं की मी उठून पाणी प्यायला जाते. आता कुठे उठून जाऊ?

तुझाही राग आलाय. तू तिला दरवर्षी भेटतोस. असं तूच पत्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंयस, जणू काही ते सहज सांगायचं असतं. लग्नाच्या आदल्या दिवशी तू पिशवी उचलून निघालास, मी मागे मागे रस्त्यापर्यंत आले. मला सांगायला तुझं काय जात होतं?

संध्याकाळी बाबांकडे गेले. ते खाटेवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी कार्ड त्यांच्यापुढे धरलं. चष्मा नव्हता, म्हणून मीच वाचून दाखवलं. त्यांनी सुपारी खाली ठेवली.

"हाय," म्हणाले. "जिती हाय ती."

"तुम्ही तिला हाकललं?"

"जयराम म्हणतो ना? मग तसंच समज."

"मी तुम्हाला विचारतेय."

"मी सांगितलं ना, तसंच समज म्हणून."

मी तेव्हा काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्यांनी दारं लावून घेतली एवढं सांगते. शेवटी मी म्हटलं, "आणि वर खोटं बोललात. मी सिनेमा बघत नाही म्हणे!"

"एक बघितला."

"कोणता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोच, दादा. बाबा! ज्यांनी आपल्याला पोस्टरकडे बघितलं म्हणून मारलं होतं. मी विचारलं, कुठे बघितलात? म्हणाले, निफाडला, तंबूत. कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून तिकडे जायचो. जायचो म्हणजे? किती वेळा? म्हणाले, "तंबू उठेपर्यंत."

मग त्यांनी परत अडकित्ता हातात घेतला आणि म्हणाले, "कोल्हापूरला जाऊ नको. तुला नाय सोसायचं."

सुट्टी लागलीय. ह्यांना सांगितलंय. हे म्हणाले, "जा, आणि रागात गेलीस तरी भांडून येऊ नकोस." मी निघतेय.

विमल


कोल्हापूर,
१९ मे १९७६

दादा,

हे पत्र बसून वाच. ऑफिसात असशील तर खिशात ठेव आणि घरी जाऊन वाच.

तू दिलेल्या पत्त्यावर पोचले तेव्हा दुपार झाली होती. बोळाच्या टोकाला एक बाई दोरीवर खळ घातलेल्या नऊवाऱ्या ताणून वाळत घालत होती. पाठमोरी. मी काही बोलायच्या आधीच तिनं मागे वळून बघितलं आणि तिच्या हातातला ओला काठ सुटून मातीत पडला.

"विमल," म्हणाली. विचारलं नाही. नुसतं म्हणाली.

पडद्यावर माझं आजचं तोंड होतं. इथे माझं पुढचं तोंड उभं होतं, केस पिकलेलं, दात पडलेलं. मी तिच्या पाया पडले नाही, गळ्यातही पडले नाही. वाटेत एस.टी.त कितीतरी वाक्यं जुळवली होती, एकही आठवेना. मी खाली वाकून ती नऊवारी उचलली आणि म्हटलं, "परत धुवावी लागेल."

"हो," ती म्हणाली, "लागेल."

आम्ही दोघींनी ती धुतली. नळावर, दोन टोकं धरून.

ती स्टुडिओत नट्यांना नऊवारी नेसवते, हे तुला ठाऊक असेलच. आधी गर्दीत उभी राहायची, आता नेसवते. खोली लहान आहे पण लखलखीत. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पाट. तिचं कपाळ मोकळं, कुंकू नाही. चहा झाल्यावर तिनं पहिली गोष्ट कोणती विचारली असेल? मी कशी आहे, मला पोरं किती, असलं काही नाही. म्हणाली, "तू तो शिनेमा पाहिलास?"

"पाहिला."

"मी नाय पाहिला. इथं लागला तेव्हा थेटरापर्यंत गेले आन् माघारी आले. कशी दिसत होते गं?"

मी सिनेमाच्या बाबतीत कोणाची भीड ठेवत नाही, तुला माहीत आहे. तिचीही ठेवली नाही. म्हटलं, सिनेमा सामान्य आहे. शेवंती नुसती रडते. गोष्टीला बूड नाही. पण तू मान वळवतेस ना, त्या क्षणी कळतं की या गावात एक तरी खरं माणूस राहतं. बाकीचे सगळे पाणी भरायचा अभिनय करत होते. तू पाणी भरत होतीस.

तिनं कपबशा बाजूला सरकवल्या. मग तिनं सांगायला सुरुवात केली. जसं सांगितलं तसं लिहितेय.

त्या वेळी ती माहेरी आली होती, त्र्यंबकच्या रस्त्यावरच्या त्या खेड्यात. मी कडेवर. तू बाबांजवळ नाशिकरोडला, शाळेमुळे. कंपनीची माणसं गावात उतरली आणि बायका गोळा करायला लागली. त्यांनी कोणाची वस्ती कोणती ते विचारलं नाही, नुसती तोंडं बघितली. हिला नवं लुगडं दिलं आणि गावविहिरीवर नेऊन उभं केलं.

"मी म्हनलं, सायेब, ही विहीर आमची नाय. आम्हाला हिच्यावर चढता येत नाय. तो म्हनला, बाई, आज सगळं कंपनीचं हाय, चढा. मी चढले. गावातले सगळे भवती उभे. कोणी बोललं नाय. कॅमेऱ्याला भेले ते. मी दोर सोडला, पाणी वर आलं. जलमात पयल्यांदा, विमल. नायतर वरून कोणी वाढंल तवा ओंजळ धरायची. पाणी लय जड असतं गं, ते मला त्या दिशी कळलं."

सीन पुन्हा पुन्हा घेतला. दर वेळी ती ओंजळभर प्यायली. तोंडी दिलेलं वाक्य वेगळंच होतं, 'ताई, जीव देऊ नका, जीव मोलाचा आहे' असलं काही तरी. "ती बाई काठावर चढली आन् माझ्या तोंडातून दुसरंच निघालं. ही आता यात उडी टाकनार, म्हंजे आज मिळालेलं पाणी आजच बाटनार. मी खरंच चिडले होते. सायेब हसले आन् म्हनले, हेच राहू द्या."

ज्या वाक्याला अख्खं मैदान हसलं, ते तिनं हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं सामान आवरलं. आणि गावानं विहीर उपसायला घेतली. मोटा लावल्या. दिवसभर पाणी काढून ओढ्यात सोडत होते. वस्तीतल्या सगळ्यांनी ते लांबून बघितलं. "मी पेलेलं पाणी उपशीत होते ते. मी उभी राहून बघितलं. तवाच मनात म्हनलं, आता मी इथं कुठंच राहायची नाय. ज्या जागी मी नुसती बाई होते, तिथं जाणार." कंपनीच्या साहेबांनी कोल्हापूरला काम देतो म्हटलं होतं. तिनं मला तिच्या वहिनीजवळ झोपवलं, आठ दिवसांत येते म्हणाली आणि ट्रकमध्ये चढली.

"खोटं नव्हते बोलले," आई म्हणाली. "त्या वक्ताला मला तसंच वाटत होतं."

दादा, आता ऐक. बाबांनी तिला हाकललं नाही. बाबा तिला न्यायला कोल्हापूरला आले होते. रजा काढून आले, स्टुडिओच्या फाटकाबाहेर तीन दिवस बसले. आणि ती म्हणाली, मी येत नाही. ते एकटे परत गेले.

मी तिला विचारलं, "मग दादा म्हणतो ते?"

"ते पन खरंच हाय." दोन वर्षांनी तिला राहवेना. ती नाशिकरोडला आली, दारात उभी राहिली. तू आतून बघितलंस, असं तू तिला नेहमी सांगतोस म्हणे. बाबांनी दार लावून घेतलं. आतून म्हणाले, "पोरांना सांगून झालंय. पोरगी रडून रडून गप झाली. आता मेलेलं माणूस दारात कसं उभं करू?" ती रात्रीच्या गाडीनं परत गेली.

तू मध्यंतरानंतर सिनेमाला शिरलास, दादा. बंद दार बघितलंस आणि त्यावरून आधीची गोष्ट जुळवलीस. मी आईला विचारलं, तू त्याला खरं का सांगितलं नाहीस? ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. म्हणाली, "तो इतका शोधत आला. आल्या आल्या म्हनला, आई, त्यांनी तुला हाकललं, मला ठावं हाय. माझ्या तोंडून 'नाय' निघालं नाय. मग दरवर्षी येत गेला. एवढा चांगला पोरगा आन् मी त्याच्या म्होरं कशी म्हनू, की बाबा रे, मीच तुमा पोरांना टाकून आले?"

मी उठून बाहेर आले. किती तरी वेळ नळापाशी उभी होते. बाबा 'तसंच समज' म्हणाले होते. मी त्यांना काय काय बोलले होते, आणि ते सुपारी खाली ठेवून ऐकत होते.

आईचा मला राग आलाय का, हे अजून कळलेलं नाही. येतोही आणि मग ती उपसलेली विहीर डोळ्यांपुढे येते. मी तिला म्हटलं, नाशिकला चल. ती म्हणाली, "राहायला नाय येनार." मी म्हटलं, राहायला बोलवतंय कोण? बघायला चल.

विमल


नाशिकरोड,
४ जून १९७६

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही असं वाटलंच होतं. तुझ्या जागी मी असते तर मलाही काही दिवस लागले असते.

आई आलीय. परवा आम्ही उतरलो. आधी माझ्याकडे आणलं. यशोदाबाई दारात उभी होती. तिनं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भाजीची टोपली तिथेच ठेवून घरात पळाली. अख्ख्या कॉलनीत पंधरा मिनिटांत झालं, विहिरीवरची बाई आली म्हणून. पोरं खिडकीतून डोकावायला लागली. एक म्हातारी म्हणाली, "शकूबाई, तू मेली होतीस ना गं?" आई म्हणाली, "हो, मेले होते."

बाबांना मी आधी जाऊन सांगितलं. ते दाढी करत होते. वस्तरा थांबला. "कुठं हाय?" "माझ्या घरी." परत दाढी करायला लागले. अर्धी झालेली होती. मग म्हणाले, "येऊ दे."

मी त्यांची माफी मागायला तोंड उघडलं, त्यांनी हातानंच गप केलं.

आई उंबऱ्याशी थांबली. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता, खाटेवर बसले होते. कोणी कोणाकडे बघेना. मला वाटलं आता रडारड होणार, आणि खरं सांगते, मी घाबरले, कारण जुन्या सिनेमांतला हाच सीन मला सगळ्यांत खोटा वाटत आलाय. व्हायोलिन वाजतं, दोघं एकमेकांकडे धावतात.

बाबांनी घसा खाकरला. "शकू, मी पोरांना सांगितलं, तू मेलीस म्हनून. पटकीनं."

"ठावं हाय," आई म्हणाली. "मी बी तिकडं सांगितलं, तुमी मेलात म्हनून."

बाबांनी मान वर केली. "मी?"

"एकल्या बाईला कोण खोली देतंय? विधवेला देत्यात."

"कशानं मेलो?"

"गाडीखाली."

"गाडीखाली!" बाबा म्हणाले. "मी प्रेसमधला मानूस, गाडीखाली कशाला जाईन?"

"मग तुमी मला पटकीनं मारलंत ते? तवा गावात पटकी तरी होती का?"

आणि दादा, बाबा हसले. मी उभ्या आयुष्यात त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. खोकला येईपर्यंत हसले, डोळ्यांतून पाणी आलं, ते सदऱ्याच्या बाहीनं पुसलं, परत हसले. आई उंबऱ्यातच खाली बसली आणि तोंडाला पदर लावून तीही हसायला लागली. मी मधे उभी. दोघं मेलेले माझ्या आजूबाजूला हसत होते.

मग ते थांबलं. बाबा म्हणाले, "आत ये." ती आत आली. पुढे ती दोघं काय बोलली ते मला ठाऊक नाही. मी त्यांना तिथे सोडून बाहेर पायरीवर जाऊन बसले. आत बराच वेळ आवाज येत होता. मध्ये एकदा बाबांचा आवाज चढला, एकदा तिचा. भांडत होते. ते ऐकून मला बरं वाटलं.

ती इथे राहणार नाही. तिचं काम आहे, खोली आहे. आल्या आल्याच सांगितलंय तिनं. दहा तारखेच्या सकाळच्या गाडीनं जाईल. बाबांनी तिला राहा म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. संध्याकाळी ते माझ्याकडे येऊन बसतात, ती स्वयंपाकघरात असते, आणि त्या मधल्या दारातून ते तिला कसलं कसलं विचारत असतात. गहू कुठला आणता, तिकडे पाणी कसं आहे.

तुला पत्र लिहितेय म्हटल्यावर मी दोघांना विचारलं, काही सांगायचंय का. बाबा म्हणाले, "त्याला लिही, दार मी लावलं होतं. त्याच्यासाठी तो रागावला असंल तर बरोबर हाय. बाकीच्यासाठी नको."

आईनं पोळपाटावरून मान वर केली नाही. म्हणाली, "माझ्यावर रागवायचं असंल तर दहा तारखेच्या आत इथं येऊन रागव म्हनावं. समोर. आन् जेवायला थांब."

वाट बघतेय.

तुझी,
विमल